तीन झाकणं औषध

भर उन्हाळा. घड्याळजींच्या परसात काकडीचा वेल मांडवाच्या टोकाला पोचला होता. फुलं तर इतकी की येणारा-जाणारा थबकून बघे. पण काकडी? एकही नाही! फुलामागे बोटभर काकडी दिसायची आणि तिसऱ्या दिवशी पिवळी पडून गळायची.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यावर डोळे थकले, तेव्हा त्यांनी दुकान बंद करून बागेत जीव रमवला होता. त्यात बायकोचं दुखणं लांबलेलं. तिला अन्न जात नव्हतं. “आपल्या वेलाची कोवळी काकडी मात्र खाईन हं,” एवढंच तिनं तोंडानं मागितलं होतं.

शेजारी निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्यांच्या अंगणात मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या. त्या माश्या हल्ली इकडे फिरकत नव्हत्या. एका सकाळी घड्याळजी विचारायला गेले.

“काय बाई, तुमच्या माश्या रुसल्या की काय आमच्यावर?”

नर्सबाई पेटीपुढे उकिडव्या बसून काहीतरी झाडत होत्या. त्यांनी सुपली पुढे केली. सुपलीभर मेलेल्या माश्या!

“ही दुसरी पेटी. पहिली परवाच रिकामी झाली.”

“अरेरे! कशानं हो?”

“सोमवारी सकाळी तुम्ही फवारलंत.”

“वेलावर माव्याची कीड पडली होती, बाई. औषध मारलं थोडंसं. सगळेच मारतात की!”

“औषध म्हणू नका त्याला,” नर्सबाई शांतपणे म्हणाल्या. “पस्तीस वर्षं मी वॉर्डात औषधं दिली. मोजून, पेशंटचं नाव दोनदा वाचून. औषधानं कुणीतरी बरं होतं. किती घातलं होतंत?”

“बाटलीवर अर्धं झाकण लिहिलं होतं...” घड्याळजी अडखळले. “मी तीन घातली. लवकर गुण यावा म्हणून.”

“आणि फुलं उमललेली होती?”

घड्याळजींनी होकारार्थी मान हलवली. तेलाचा एक थेंब जादा झाला तरी घड्याळ बंद पडतं, हे गिऱ्हाइकांना त्यांनीच हजारदा ऐकवलं होतं! आणि इथे? त्यांचा चेहरा पडला.

“मीच मारल्या, बाई. चूक माझी आहे. नव्या पेट्या आणून देतो.”

“आणून ठेवू कुठे? या गल्लीत घरटी एक बाटली आहे. आता माझ्यात तेवढा दम नाही राहिला.”

त्याच दिवशी घड्याळजी बाटली हातात घेऊन गल्लीतल्या दारोदार फिरले. “निदान फुलं असताना मारू नका,” असं सांगत सुटले. कोपऱ्यावरचा सुतार हसून म्हणाला, “काका, तुम्ही मारलंत तेव्हा चाललं?” दुसऱ्या दिवशी त्याच्याच परसातून फवारणीच्या पंपाचा आवाज आला.

मग घड्याळजींनी घड्याळं साफ करायचा बारीक ब्रश काढला. माश्यांचं काम आता स्वतःच करायचं म्हणून रोज सकाळी नर फुलातले पराग मादी फुलाला लावत राहिले. आठ दिवसांत तेवीस फुलं करून झाली. दोनच फळं धरली. त्यातलं एक फळ उन्हानं सुकलं. दुसरं मात्र वीतभर वाढलं.

ती काकडी तोडून त्यांनी नळाखाली धुतली. पुन्हा धुतली. सुरी हातात घेतली आणि थांबले. ती तीन झाकणं याच वेलावर पडली होती! काकडी त्यांनी खड्डा करून पुरली.

“अहो, आली ना काकडी?” आतून बायकोनं विचारलं.

ते तिच्या उशाशी जाऊन बसले. “आली होती. पण तुला द्यावी अशी मी ती ठेवली नाही.” आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, “बरं. पुढच्या उन्हाळ्यात खाऊ.”

दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

वाचकहो, घड्याळजी वाईट माणूस नव्हते. तुमच्या-माझ्यासारखेच होते, घाई झालेले, आणि ‘सगळेच करतात’ म्हणणारे. त्यांना कळलं ते खरं, पण माश्या परत आल्या नाहीत. म्हणून बाटलीचं झाकण उघडण्याआधी कुंपणापलीकडे जाऊन एकदा विचारा, की तिकडे कोण राहतं. विचारायला दोन मिनिटं पुरतात. नंतरची माफी कितीही मनापासून मागितली तरी पुरत नाही.