साफ केलेल्या नळ्या

ग्लेनिसचा उजवा हात कोपरापर्यंत जमिनीत गेला होता, आणि बोटांना जे लागत होतं ते तिचं ऐकू येण्याचं कानातलं यंत्र नव्हतं.

पहाटेचे पाच वाजले होते. अँझॅक डेच्या, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, मानवंदनेला जायचं म्हणून ती हॉलमध्ये बुटांचे बंद बांधायला वाकली, आणि यंत्र कानातून निसटून थेट गरम हवेच्या जाळीत पडलं. ऑस्ट्रेलियात, बॅलरॅटमधल्या तिच्या रस्त्यावर घरोघरी अशा जाळ्या होत्या. लाकडी जमिनीखालून हीटरच्या हवेच्या नळ्या फिरवलेल्या आणि खोलीगणिक एक जाळी. या जाळ्यांना हात लावायचा नाही, असं धाकट्या भावाने, केल्विनने, तिला बजावून ठेवलं होतं. एकतीस वर्षं लोकांच्या घरच्या नळ्या साफ करण्याचाच त्याचा धंदा. जाळी हलवली की हवेचं माप बिघडतं, असं तो म्हणायचा, आणि ती त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. पण आज इलाजच नव्हता. जाळीच्या कडेला जमिनीचं पॉलिश बसून गच्च झालं होतं. तिने स्वयंपाकघरातून सुरी आणली, कड खरवडून काढली आणि जाळी उचलली. पॉलिश करून चार वर्षं झाली होती. पण तेव्हा तिच्या डोक्यात काही आलं नाही.

हाताला लागलं ते मऊ होतं. नळी जिथे वळते तिथल्या खोबणीत अडकलेलं. तिने ओढून काढलं तर मूठभर तांबूस केस निघाले. पुन्हा हात घातला, पुन्हा मूठभर. तिसऱ्यांदा यंत्र सापडलं, आणि त्याच्यासोबत नगरपालिकेचा एक पत्र्याचा बिल्ला. त्यावर नंबर होता आणि खाली तिच्या नवऱ्याने, आयव्हरने, खिळ्याने कोरलेलं नाव. क्रम्पेट.

ग्लेनिस तिथेच भिंतीला टेकून बसली. यंत्र कानात घालायचंही तिला सुचलं नाही.

क्रम्पेट आयव्हरचा कुत्रा. नवरा गेल्यावर घरात उरलेला तेवढाच जीव. हिवाळाभर याच जाळीवर पोट टेकून झोपायचा, वर पाय ठेवायला जागा द्यायचा नाही. सकाळी आणि दुपारी ती शाळेसमोर थांबण्याची पाटी हातात धरून मुलांना रस्ता ओलांडून द्यायची, तेव्हा हा खांबापाशी मुलांच्या डब्यांवर डोळा ठेवून बसायचा. मुलं तिला नावाने ओळखत नव्हती. ती क्रम्पेटची बाई होती.

शिंका मात्र तिच्या पाठीच लागल्या होत्या. सकाळी उठल्यावर वीस-वीस, डोळे सुजलेले, छातीत घरघर. केल्विन दरवर्षी अँझॅकच्या आधीच्या शनिवारी आपली व्हॅन घेऊन यायचा आणि नळ्या साफ करून द्यायचा. पैशाची गोष्टही नाही. "बहिणीकडून घेऊ होय?" म्हणायचा. धूळ उडेल म्हणून तिला मागच्या अंगणात पाठवायचा. मशीनचा आवाज एवढा, की ती यंत्र काढून ठेवून वाफ्यातलं गवत उपटत बसायची. दोन तासांनी तो घाम पुसत बाहेर यायचा आणि काळ्या धुळीने भरलेली पिशवी दाखवायचा. "हे बघ, हे तुझ्या नाकात जात होतं." मग ती त्याला भाजलेलं मटण आणि पुदिन्याची चटणी वाढायची, आणि गुडघे दुखत असूनही भाऊ एवढं करतो म्हणून शेजारणीला तोंड भरून सांगायची.

दोन वर्षांपूर्वी असंच जेवताना ती म्हणाली होती, "नळ्या तर साफ आहेत. मग हे होतंय कशाने?"

केल्विनने घास गिळला आणि जाळीकडे पाहिलं. "मग हा कुत्राच. दुसरं काय?"

महिनाभर ती मनाशी भांडली. शेवटी क्लून्सजवळच्या एका मेंढ्यांच्या शेतावर त्याला देऊन टाकलं. गाडी निघाली तेव्हा तो मागच्या काचेतून बघत होता, आणि ती शहाण्यासारखी हात हलवत उभी राहिली. तो दोनदा शेतावरून पळाला, दोन्ही वेळा गावाच्या दिशेने. तिसऱ्या वेळी हमरस्त्यावर ट्रकखाली सापडला. शाळेतली मुलं अजून विचारतात, आणि ती अजून सांगते, "शेतावर मजेत आहे." शिंका काही थांबल्या नाहीत.

आणि गेल्याच महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर थेंब टाकून, टोचून तपासणी केली. हात सुजला तो गादी-उशीतल्या बारीक किड्यांच्या आणि वसंतातल्या गवताच्या थेंबांनी. कुत्र्याच्या थेंबाला साधी लालीसुद्धा आली नाही. त्या दिवशी ती घरी येऊन खूप रडली. पण केल्विनला तिने एका शब्दानेही बोल लावला नाही. त्याचा अंदाज चुकला. माणसाचा चुकतो.

आता तिने कानात यंत्र घातलं, केस आणि बिल्ला वर्तमानपत्रावर मांडून टेबलावर ठेवले, आणि वाट बघत बसली. मानवंदना चुकायची ही तिची पहिलीच वेळ.

केल्विन सातला आला. कोटाच्या उजव्या बाजूला वडिलांची युद्धातली पदकं लावलेली. वडिलांचा नियम होता, हिवाळा कितीही तोंडावर आला तरी पंचवीस एप्रिल, म्हणजे अँझॅक डे, उजाडल्याशिवाय घरात हीटर लावायचा नाही, त्याआधी लावेल तो लेचापेचा. म्हणून दरवर्षी मानवंदनेहून आल्यावर केल्विनच बटण दाबायचा, आणि मग दोघं रम घातलेली कॉफी प्यायची.

"अगं, होतीस कुठे? स्मारकापाशी मान मोडेपर्यंत शोधलं तुला," तो हात चोळत आत आला. "बर्फ झालाय नुसता घराचा. थांब, आधी हीटर लावतो."

"बटणाला हात लावू नकोस. बस."

त्याने टेबलाकडे पाहिलं. "हे काय?"

"हॉलमधल्या जाळीतून निघालं. शनिवारी दोन तास साफ करत होतास ना?"

"राहतो गं एखादा कोपरा."

"त्याला जाऊन दोन वर्षं झाली, केल्व. तेव्हापासून दोनदा साफ केलंस तू. आणि जाळीवरचं चार वर्षांपूर्वीचं पॉलिश तुटलेलं नव्हतं. मी सुरीने फोडलं आज."

केल्विन बसला. पदकं एकमेकांवर आपटून वाजली, ती त्याने हाताने धरली.

"कॉफी तरी दे," तो म्हणाला.

"नाही."

तो वर्तमानपत्राची कड दुमडू लागला. "पहिली दोन वर्षं केलं होतं गं. खरंच केलं. तुला काही फरक पडला नाही. कुणालाच पडत नाही. नळीत ओल असेल, बुरशी असेल, उंदीर मेलेला असेल, तर साफ करावीच. नाहीतर धूळ नळीत पडून असते बिचारी, ती कुणाला काही करत नाही. एकतीस वर्षं बघतोय मी. आधी शिंकणारे नंतरही शिंकतात."

"मग मला सांगायचंस."

"काय सांगू? माझा धंदा म्हणजे नुसता आवाज, असं? आणि तू अशी खूश व्हायचीस. आठवडाभर बरं वाटतंय म्हणायचीस. मी मशीन लावायचो आणि व्हॅनमध्ये बसून पेपर वाचायचो. गुडघेही साथ देत नाहीत आता."

"आणि ती पिशवी?"

"दुसऱ्यांच्या घरची."

ग्लेनिसला तोंडात मारल्यासारखं झालं. परक्यांच्या घरची घाण. ती तिने शेजारणीला बोलावून दाखवली होती.

"बरं. माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस, फेकलीस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कुत्र्याचं नाव का घेतलंस?"

"तू विचारलंस म्हणून. नळ्या साफ, मग कशाने होतंय, म्हणालीस. काहीतरी सांगणं भाग होतं. तो समोर झोपला होता."

"समोर झोपला होता."

"तू खरंच देऊन टाकशील असं मला वाटलं नव्हतं, ग्लेन."

"तुझा शब्द होता तो. मी तुझ्या शब्दावर देऊन टाकला. एखाद्या अनोळखी माणसाने फसवलं असतं तर रस्त्यावर उभी राहून बोंबलले असते. तुला मी मटणाची स्वस्तातली पुढची तंगडी नाही, महागाची मागची आणून भाजून घालत होते."

केल्विनचे डोळे भरले. तो खोटं रडत नव्हता, हे तिला कळत होतं, आणि तरी तिला त्याचा हात धरावासा वाटला नाही. तो एकदम उठला.

"व्हॅन बाहेरच आहे. मशीन आहे आत. आत्ता करतो, ग्लेन. सगळ्या नळ्या, खालपासून. तू इथेच उभी राहा आणि बघ."

तो दाराकडे निघाला तशी ती हॉलमध्ये जाऊन जाळीच्या उघड्या भोकासमोर उभी राहिली.

"इथे आता कुणी काही साफ करायचं नाही," ती म्हणाली. "घरी जा, केल्विन."

लहानपणापासून तिने त्याला पूर्ण नावाने कधी हाक मारली नव्हती. तो गेला. व्हॅन सुरू होऊन कोपऱ्यावर वळेपर्यंतचा आवाज तिने ऐकला.

बिल्ला तिने कोटाच्या खिशात टाकला. केस वर्तमानपत्रातून काढले आणि जिथून निघाले होते तिथेच, वाकणाच्या खोबणीत, बोटांनी दाबून बसवले. त्यावर जाळी ठेवली. मग भिंतीवरचं बटण तिने स्वतः दाबलं.

जमिनीखाली काहीतरी घरघरलं. थोड्या वेळाने जाळीतून ऊब आली, आणि तिच्याबरोबर अगदी पुसट, पावसात भिजून आलेल्या कुत्र्याचा वास. ग्लेनिस गुडघे दुमडून जाळीशेजारी जमिनीवर बसली. एक तांबूस केस हवेबरोबर वर आला आणि तिच्या काळ्या कोटाच्या बाहीला चिकटला. तिने तो तसाच राहू दिला.