ताडपत्रीखालची जीवीमा

आमच्या खारसरा गावात चौकाला कुणी चौक म्हणत नाही, सर्कल म्हणतात, आणि सर्कलमध्ये काहीतरी उभं केल्याशिवाय नगरपालिकेला चैन पडत नाही. बस स्टँडसमोर डॉल्फिन आहे. समुद्र इथून दीडशे किलोमीटर लांब, पण डॉल्फिन आहे. कॉलेजजवळ एक अवाढव्य किटली अधांतरी लटकून कपात चहा ओतते, म्हणजे ओतणार होती, तिचं पाणी पहिल्याच आठवड्यात बंद पडलं. मी बडोद्याला मूर्तिकला शिकून आले आणि इथल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले. सत्तावीस वर्षं रोज त्या डॉल्फिनला वळसा घालून शाळेत जाते. जिवाचं काय होत असेल ते माझं मला माहीत.

म्हणून पेपरात जाहिरात आली तेव्हा मी ती तीनदा वाचली. रण रोडच्या सर्कलसाठी गावाची ओळख सांगणारं शिल्प हवं आहे, स्थानिक कलाकारांनी अर्ज करावेत. खाली अटी होत्या. शिल्प पूर्णपणे नवं हवं, पूर्वी कुणी कुठे केलेलं नको. आणि अर्जदाराने गेल्या तीन वर्षांत अशीच तीन शिल्पं केलेली हवीत.

ती जाहिरात घेऊन मी पालिकेत अश्विनभाई भालोडियांकडे गेले. इंजिनियर. भला माणूस. जन्मभर गटारं बांधली, आणि सिमेंट दोन्हीकडे लागतं म्हणून कला खातंही त्यांच्याच गळ्यात पडलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मुक्ताबेन, डॉल्फिनची शेपटी तुटली होती ती कोणी बसवली?"

"मी."

"किटलीला रंग?"

"मीच. शाळेच्या मुली घेऊन."

"अन् बागेतल्या फ्लेमिंगोची चोच?"

"तीही."

"झाली की तीन."

अशा रीतीने सरकारदरबारी मी त्या डॉल्फिनची जननी ठरले. गिळलं मी ते. काम हवं होतं.

गावाची ओळख म्हणजे मीठ, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. माझ्या शाळेत कंकू नावाची मुलगी होती, तिची आजी जीवीमा. वर्षातले आठ महिने रणात, त्या खाऱ्या वाळवंटातल्या मिठाच्या आगरात, लाकडी दंताळं ओढत. अशी पंचेचाळीस वर्षं. तिला म्हटलं, माझ्यासमोर उभी राहा, तुझी मूर्ती करते. ती नऊ दिवस माझ्या अंगणात उभी राहिली. चेहरा कसा येतोय हे तिने एकदाही पाहिलं नाही.

"तोंड कसंही कर गं," म्हणायची, "पाय तेवढे नीट कर."

मिठाच्या पाण्याने पार लाकूड झालेले पाय. तिचा नवरा गेला तेव्हा चितेत सगळं जळलं, पाय राहिले. आगरात आयुष्य गेलेल्यांचं असं होतं. मग राखेतून ते दोन पाय उचलून, वर मीठ घालून, रणाच्या कडेला पुरले. हे तिने मला बशीतून चहा पिता पिता सांगितलं, एसटी चुकल्याचं सांगावं इतक्या सहज. बशी खाली ठेवून म्हणाली, "मला खरंच उभी करशील? सगळ्यांसमोर?"

"आख्खी," मी म्हटलं. "डोक्यापासून पायापर्यंत, हातात दंताळं घेऊन."

"मग उघडशील तेव्हा सांगावा धाड. मला बघायचंय."

मी शब्द दिला.

वैशाखात रणाकडून वारा येतो तो भिंती हलवणारा. म्हणून मी पाय सिमेंटचे केले आणि चबुतऱ्यातच कायमचे ओतले. घागऱ्याच्या काठापासून वरचं अंग फायबरचं, ते या पायांवर बोल्टने बसवलं. काठाखाली बोल्ट दिसत नाहीत. क्रेनने अंग वर उचललं तेव्हा समोरच्या चहावाल्याने, मेघजीभाईने, गिऱ्हाईक सोडून टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पण आमच्याकडे कुणा साहेबाने दोरी ओढल्याशिवाय काही दिसू द्यायचं नाही अशी रीत आहे. पालिकेने लगेच मूर्तीवर ताडपत्री टाकली, मिठाच्या ढिगांवर टाकतात तीच. वीतभर आखूड पडली. खाली दोन पाय उघडे राहिले. अश्विनभाई म्हणाले, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

मंत्रीसाहेबांच्या तीन तारखा गेल्या. एकदा सभा निघाली, एकदा साहेबांच्या घरचं लग्न, आणि तिसऱ्या वेळी कमुरतं लागलं, त्या महिन्यात आमच्याकडे शुभकार्य करत नाहीत. सात महिने झाले. गावाने काही तक्रार केली नाही. लोक पत्ता सांगू लागले, 'झाकलेलीपासून डावीकडे वळा.' दहावीचा एक दिवटा परीक्षेला जाताना गंमत म्हणून त्या उघड्या पायांना हात लावून गेला आणि गणितात पास झाला. पुढच्या पेपरला पायांशी रांग. आया नारळ घेऊन आलेल्या. माझ्या हातची सबंध बाई ताडपत्रीत घुसमटत होती आणि लोक तिच्या पायांना हळदकुंकू वाहत होते.

तेवढ्यात नगरपालिकेची निवडणूक लागली. मेघजीभाई अपक्ष उभा राहिला. ताडपत्रीखाली काय आहे हे गावात ज्या चार माणसांनी पाहिलं होतं त्यातला तो एक. अपक्षांसाठी मोकळ्या चिन्हांची यादी असते, तीत दंताळं होतं. त्याने तेच मागून घेतलं. "आपला प्रचार सर्कलमध्ये फुकट उभा आहे," असं चहा ओतता ओतता सांगायचा. दुसऱ्याच दिवशी विरोधकांनी हरकत घेतली आणि पालिकेने पहिल्या ताडपत्रीवर दुसरी आणून दोरखंडाने आवळली. पायांचं काय करायचं म्हणून अश्विनभाई सगळी यादी वाचत बसले. पाय कुठल्याच उमेदवाराचं चिन्ह नव्हतं. शिवाय दहावीची फेरपरीक्षा तोंडावर होती. पाय उघडेच ठेवले.

मेघजीभाई निवडून आला. दोन्ही बाजूंच्या जागा समसमान, मधे हा एकटा. संध्याकाळपर्यंत त्याच्या खांद्यावर सत्ताधाऱ्यांची शाल पडली आणि आठवडाभरात तो सुशोभन समितीचा अध्यक्ष झाला. मला वाटलं, सुटले. पेढे घेऊन गेले.

त्याने स्वतः चहा ओतून दिला. आवाज खाली आणून म्हणाला, "बेन, दंताळं आता माझं राहिलं नाही."

"तुझं होतंच कधी? ते जीवीमाचं आहे."

"तसं नाही. सकाळी दुकान उघडलं की समोर तेच दिसणार. लोक म्हणतील, मतं दंताळ्यावर घेतली अन् हा बसला कुणाच्या मांडीवर. मला धंदा करायचाय हो इथं."

बाजू बदलताना या गड्याला काही वाटलं नव्हतं. मूर्ती ते लक्षात ठेवील याची मात्र त्याला लाज वाटत होती.

समितीची बैठक झाली, मलाही बोलावलं. विषय एकच: बाईच्या हातात दंताळ्याऐवजी काय द्यायचं. एकाने झाडू सुचवला, बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बसला. कंदील नको, विळा नको, सायकल तर हातात मावणारच नाही. घागर? अश्विनभाईंनी यादी चाळली, घागर वॉर्ड चारला होती. मग एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, काहीच देऊ नका, हात मोकळा सोडा. मोकळा हात म्हणजे उघडा पंजा, हे कळायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. मूठ वळली तर मोर्चा वाटेल. हात जोडले तर मतं मागतेय असं वाटेल. हात मागे बांधले तर अटक झाल्यासारखं दिसेल. बटाटेवडे आले. ते खाताना कुणीतरी म्हणालं की ही बाई उभी करण्यापेक्षा डॉल्फिन बरा होता, त्याला हातच नाहीत.

मी विचारलं, "मग हातच कापू का?"

कुणी हसलं नाही. वॉर्ड दोनच्या सभासदाने विचारलं, किती दिवस लागतील?

अश्विनभाईंना माझी दया आली. त्यांना मला वाचवायचं होतं, शपथेवर सांगते. ते उठून म्हणाले की मूर्ती हलवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, कारण पाय चबुतऱ्यात ओतलेले आहेत. आणि इंजिनियरला अर्धवट माहिती देववत नाही, म्हणून पुढे म्हणाले, "वरचं अंग काय, बोल्टवर आहे."

मेघजीभाईने हातातला वडा खाली ठेवला. "म्हणजे वरचं निघतं?"

अश्विनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात इतका पश्चात्ताप मी कुणाच्या तोंडावर पाहिला नाही. पण तोवर ठराव लिहायला घेतला होता. पाय लोकप्रिय आहेत, पाय श्रद्धास्थान आहे, पाय कुणाचंच चिन्ह नाही. सात मिनिटांत एकमताने मंजूर. या पालिकेत एकमताने झालेला तो पहिला ठराव असेल.

मी भांडले. म्हटलं, मूर्ती परत घेऊन जाते. ते म्हणाले, बसवली त्या दिवशी ती पालिकेची झाली. म्हटलं, मग माझं नाव त्यावर घालायचं नाही. हे त्यांनी ताबडतोब मान्य केलं. शेवटी एवढंच मागितलं की काढलेलं अंग तरी मला द्या, गोदामात खांबांच्या ढिगावर टाकू नका. क्रेन आली आणि जीवीमा माझ्या अंगणात परत आली, पाय नसलेली, विटांच्या चवडीवर, लिंबाला दोरीने बांधलेली. नऊ दिवस जिथे उभी राहिली होती तिथेच.

उद्घाटनाचा सांगावा मी रणात धाडला नाही. काय तोंडाने धाडणार होते? मी स्वतःही जाणार नव्हते. पण त्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन अंगणात आले, त्या बांधलेल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी चपला घातल्या.

मंडप मोठा होता. मंत्रीसाहेब आले नाहीत, त्यांचे मेहुणे आले. चबुतऱ्यावर दोन पायांपुरता छोटासा मखमली पडदा, त्याला सोनेरी दोरी. अश्विनभाई माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले की काही झालं तरी हे तुमचं पूर्ण झालेलं एक काम धरता येईल, नवीन सर्कलची जाहिरात येतेय, आणखी दोन झाली की झालं. माणूस मनापासून बोलत होता.

आणि मला गर्दीत जीवीमा दिसली. कंकूने पेपर वाचून दाखवला असणार. नवीकोरी ओढणी, तिची घडीसुद्धा मोडली नव्हती. कंकूचा हात धरून ती वर बघत होती, चबुतऱ्याच्या खूप वर, जिथे तिचं डोकं असायला हवं होतं तिथे.

मेहुण्यांनी दोरी ओढली. टाळ्या झाल्या. मेघजीभाईने माइकवर सांगितलं की ही पावलं म्हणजे खारसऱ्याच्या प्रगतीची वाटचाल आहे.

मी गर्दीतून तिच्यापर्यंत पोचले. इतके दिवस मनात घोळवलेलं एक वाक्य धड आठवेना. "मा, मी तुला आख्खी केली होती," एवढंच म्हटलं. "घरी आहेस. ये, दाखवते."

तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ती आता पायांकडे बघत होती. बराच वेळ बघितलं. भेगा बघितल्या, डाव्या अंगठ्याचं तुटलेलं नख बघितलं.

"माझेच आहेत," ती म्हणाली. "छान झालेत गं." मग मान हलवली. "बाकीची जाळली होय यांनी?"



तिच्या ओढणीच्या टोकाला गाठ होती. माझ्यासाठी आणलं असणार, ती कधी रिकाम्या हाताने येत नाही. तिने गाठ सोडली, मूठभर मीठ काढलं आणि पुढे होऊन त्या दोन पायांवर घातलं, नीट, आधी एका आणि मग दुसऱ्या. कुणाला काही कळलं नाही. कुणीतरी टाळीही वाजवली.

फोटोवाल्याने मेहुण्यांना चबुतऱ्याच्या उजव्या हाताला उभं केलं, मेघजीभाईला डाव्या हाताला, आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली घेतला.

"आजी," तो म्हणाला, "जरा बाजूला व्हा ना. शिल्पाचा फोटो घ्यायचाय."

जीवीमा बाजूला झाली.