दादाची हरकत

दादाने हरकत घेतली, तीही सख्ख्या बहिणीवर. भर सुनावणीत उभा राहून, घसा खाकरून तो म्हणाला, "नगररचना अधिकारी माझी बहीण आहे. नियमाप्रमाणे या विषयात तिला समितीत बसता येणार नाही."

नियम खराच होता. नातेवाइकाचा विषय निघाला की अधिकाऱ्याने खुर्ची सोडायची. आणि विषय दादाच्या घरामागच्याच जमिनीचा होता. घर आणि तळं यांच्या मधला लव्हाळ्याचा पट्टा, त्यातून पाण्यापर्यंत जाणारी पायवाट, हे सगळं तिने नव्या विकास आराखड्यात हिरव्या रंगात राखलं होतं. म्हणजे तिथे भराव नाही, बांधकाम नाही आणि वाट सगळ्यांना खुली. पट्टा कागदोपत्री दादाने विकत घेतलेला. त्याला तिथे पाहुण्यांसाठी बंगले बांधायचे होते. वाटेवर त्याने लोखंडी फाटक ठोकलंसुद्धा होतं, जणू आराखडा त्याच्याच खिशात होता.

आधी त्याने घरी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं होतं. "एवढासा रंग तर पुसायचाय. घरचंच काम आहे."

"घरचं असतं तर पुसला असता," ती म्हणाली होती.

तेव्हा दादाने ही युक्ती काढली. ती उठली की बाकीच्या सभासदांना गुंडाळायला कितीसा वेळ! गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

ती उठली. "दादा बरोबर बोलतोय," असं अध्यक्षांना सांगून तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि व्यासपीठावरून खाली उतरली. दादा खूश होऊन मागे टेकून बसला. पण ती दाराकडे गेलीच नाही. बोलायला थांबलेल्या नागरिकांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

"बाई, तुम्ही इथे?" तिची पाळी आल्यावर अध्यक्ष गोंधळले.

"नागरिक म्हणून. नियम खुर्ची सोडा म्हणतो, शहर सोडा म्हणत नाही."

दादावर तिचा जीव होता, हीच तर पंचाईत होती. पण खुर्चीत बसून कलमांच्या भाषेत जे कधीच बोलता आलं नसतं, ते आता बोलायची मोकळीक खुद्द दादानेच दिली होती.

"याच वाटेने आमची आई आम्हाला तळ्यावर न्यायची. जमीन तेव्हाही परक्याचीच होती, पण त्या माणसाने कधी कुणाला अडवलं नाही. दादा तिथेच पोहायला शिकला. त्या मालकाने फाटक लावलं असतं, तर हे गृहस्थ आजही काठावर बसून राहिले असते." लोक हसले. ती हसली नाही. "तळं फुगलं की जास्तीचं पाणी हा लव्हाळ्याचा पट्टा पोटात घेतो. तिथे भराव टाकला तर ते पाणी खालच्या वस्तीत शिरेल, पण त्याआधी दादाच्या दिवाणखान्यात. भावाचं घर बुडू नये, एवढं तरी बहिणीला वाटणारच ना?"

दादाने मान खाली घातली. समितीने हात वर करून निर्णय दिला. पट्टा हिरवाच राहणार, फाटक निघणार.

बाहेर जिन्याशी दादा तिची वाट अडवून उभा राहिला. "चारचौघांत अब्रू काढलीस. आजपासून माझ्या घराची पायरी चढायची नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही, लपवलंही नाही.

"पायरी तुझी आहे दादा, नाही चढणार," ती म्हणाली. "पण वाट सगळ्यांची आहे. उद्यापासून रोज सकाळी तुझ्या खिडकीखालून तळ्यावर जाणार. बोलायचं असेल तर खाली ये, नाहीतर खिडकी लावून घे."