नाईकाची रायफल

आर्णीच्या पलीकडच्या तांड्यावर एकच रायफल होती आणि ती थोरल्या डोंगरसिंगच्या घरात होती, ही गोष्ट धाकट्या अमरसिंगला बारा वर्षं सलत होती. त्यांचा बाप तांड्याचा नाईक. आज्याला कुण्या गोऱ्या साहेबानं दिलेली ती विलायती रायफल बापानं मरताना थोरल्याच्या हवाली केली आणि परवानाही त्याच्याच नावावर झाला. अमरसिंग तेव्हा फौजेत होता, रायफली दुरुस्त करायच्या वर्कशॉपात. अठरा वर्षं त्यानं बंदुका खोलल्या, पुसल्या, जोडल्या. डोंगरसिंगला तर तिचा मागचा सरकता बोल्टसुद्धा धड काढता येत नव्हता.

तरी दसऱ्याला हंसाबाई, डोंगरसिंगची बायको, रायफलीला कुंकू लावायची, तांडा पाया पडायचा आणि डोंगरसिंग मिशीत हसत बाजूला उभा राहायचा. पेन्शनवर घरी आल्यापासून अमरसिंग दर दसऱ्याला काहीतरी काम काढून आर्णीला निघून जाई.

यंदा रानडुकरांनी उभ्या तुरी लोळवल्या. त्यांना मारायची परवानगी आली तीही परवानेवाल्याच्या, म्हणजे डोंगरसिंगच्या नावानं. लोक त्याला "नाईक, नाईक" करू लागले. ती हाक कानावर पडली की अमरसिंगच्या तोंडातला घास फिरायचा.

एका सकाळी डोंगरसिंगच रायफल घेऊन त्याच्या ओसरीवर आला. मागे हंसाबाई आणि तांड्यावरची चार माणसं.

"अमर, बा गेल्यापासून चालवली नाही हे," तो म्हणाला. "नळी घासली म्हनते लोक. तू पाहून सांग. तू हो म्हनला तं चालवतो, नाही म्हनला तं हात लावत नाही."

अमरसिंगनं बोल्ट काढला आणि नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. आतल्या वळणदार खाचा जवळजवळ पुसल्या होत्या. गोळी टोकातून घालून पाहिली, ती नको तितकी आत गेली. त्याला कळायचं ते कळलं. एवढ्यानं नेम चुकेल, डुकराऐवजी गोळी बाभळीला लागेल, पण नळी काही फुटायची नाही. जीव जातो तो मागून, काडतूस बसतं तिथून. ते पाहायचं तर खालचं लाकूड उतरवावं लागतं. दोन स्क्रूचं काम.

त्यानं मान वर केली. हंसाबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती, जणू रायफल तिनंच घडवली होती.

"फुटन," अमरसिंग म्हणाला. "चेहऱ्यावर फुटन. नको चालवू."

डोंगरसिंगचा चेहरा उतरला. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. अमरसिंगच्या पोटात काहीतरी गोड उतरलं. बारा वर्षांत असं गोड काही त्यानं खाल्लं नव्हतं.

"काही इलाज?"

"इलाज नाही. ठाण्यात जमा कर."

ते गोड दुपारपर्यंतच टिकलं. जेवताना बायको बबितानं सांगितलं, "थोरले भियाजी रायफल घेऊन दारव्ह्याले गेले. डोमाजी मिस्त्रीकडं. दुरुस्त होते का म्हनून विचाराले."

अमरसिंगचा हात ताटातच थांबला. डोमाजी म्हातारा, बंदुकांचं परवानाधारक दुकान, तीस वर्षांचा हात. तो नळीत एकदा डोळा लावेल आणि हसेल. म्हणेल, कोन्या येड्यानं सांगितलं तुमाले? मग तांडा म्हणेल, भावावर जळतो म्हणून बोलला. आणि ते खरंच असेल. दुपारभर तो गोठ्यात उगाच दोऱ्या वळत बसला.

दिवस कलताना जीप आली. डोंगरसिंग उतरला तो थेट धावतच, आणि सगळ्यांसमोर त्यानं भावाला कवटाळलं.

"वाचवलं रे तू मले! डोमाजीबी आधी म्हने, नळी घासली, पन काही होत नाही. मंग त्यानं लाकूड खोललं. खाली गंज होता. त्यावर घासलेट लावलं, पुसलं, खडूची भुकटी टाकली, तं केसासारकी काळी रेघ उमटली. काडतूस बसते तथीच चीर! म्हने, पयल्याच गोळीत डोळे गेले असते. म्हने, तुमच्या भावानं न खोलता कसं ओळखलं? असा माणूस मी पाह्यला नाही."

"फौजेतला डोळा हाये," कुणीतरी म्हणालं. हंसाबाईनं अमरसिंगच्या पायाला हात लावला. बबिता दारात उभी राहून रडत हसत होती. बारा वर्षं त्याला जे हवं होतं ते सगळं एका ओसरीवर जमलं होतं, आणि अमरसिंगला कुणाकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थोरल्याच्या वावरात गेला. डोंगरसिंग लोळवलेल्या तुरी उचलून बांधत होता.

"भिया, मी ते चीर पाह्यली नव्हती."

"म्हंजे?"

"लाकूडच खोललं नाही मी. मले वाटलं, रायफल चांगली हाये. तुया हातातून जावं म्हनून फुटन म्हनलो."

डोंगरसिंगनं तुरीच्या पेंढीची गाठ आवळली. मग म्हणाला, "म्हंजे तुया मनात राग नसता, तं तू चालव म्हनला असता. अन् मी मेलो असतो."

"राग नसता तं लाकूड खोललं असतं," अमरसिंग म्हणाला. "वर्कशॉपात एकबी बंदूक मी न खोलता पास केली नाही. तुयीच तेवढी."

डोंगरसिंग पुढच्या पेंढीकडे वळला. आठ दिवस तो भावाशी बोलला नाही. तांड्याला त्यानं काही सांगितलंही नाही. लोक अजून अमरसिंगच्या डोळ्याचं कौतुक करत होते आणि प्रत्येक कौतुक त्याला चपलेसारखं लागत होतं.

नवव्या दिवशी डोंगरसिंग दारात आला. "ठाण्यात जमा कराले चाललो. येतं का?"

दोघं एकाच मोटरसायकलवर गेले, रायफल मध्ये धरून. ठाण्यातल्या हवालदारानं विचारलं, "कोणाची?"

"आमच्या बाची," डोंगरसिंग म्हणाला.

हवालदारानं परवाना पाहिला आणि कागदावर एकट्या डोंगरसिंगचं नाव लिहिलं. बाकावर बसल्या बसल्या अमरसिंगच्या छातीत पुन्हा ती जुनी कळ उठली. या खेपेला ती त्यानं ओळखली, आणि थोरल्याची सही होईपर्यंत गुमान बसून राहिला.