आपोआप फिरणारं चाक

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर जाड पितळी खांब आणि त्याच्या डोक्यावर आडवं, गरगर फिरणारं चाक. ना तार, ना इंधन. शेजारी चक्रमहाराज डोळे मिटून बसलेले आणि कर्ण्यांवर कान किटवणारं संगीत.

"विज्ञान म्हणतं, शक्ती निर्माण होत नाही," महाराजांचा मधाळ आवाज घुमला. "खरंच आहे. ती प्रकट होते. अणूच्या पलीकडे प्राण, प्राणाच्या पलीकडे आम्ही."

या बोलण्याला शेंडा ना बुडखा, तरी टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत कॉलेजचे यांत्रिकी विभागप्रमुखही टाळ्या पिटत होते. ऊर्जा कधी फुकट मिळत नाही, हे याच गृहस्थांनी वर्गात फळा भरभरून सिद्ध केलं होतं. अप्पांबरोबर दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या धाकटीने त्यांच्यावरून नजर काढून चाकाकडे वळवली.

अप्पांची ही धाकटी मुलगी त्याच कॉलेजात यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. मुलीला पुस्तकांत कुजवू नका, आमच्या ऊर्जाकेंद्रात सेवेला धाडा, असं महाराजांनी अप्पांच्या डोक्यात भरवलं होतं. उद्या कॉलेजातून नाव काढायचं ठरलंही होतं. तिने वाद घातला, तर अप्पा म्हणाले, तुझे सर स्वतः तिथे बसतात, तू काय त्यांच्याहून शहाणी? आणि आज तिला दर्शनाला घेऊन आले होते.

दर्शनाची रांग सरकू लागली. पुढच्या आजींनी भक्तिभावाने चाकावर तळहात टेकवला. चाक मंदावलं. त्यांनी हात काढला आणि चाकाने हळूहळू पुन्हा जुनी गती धरली.

धाकटी जागीच थबकली. प्रयोगशाळेत जड चाक फिरवून ते थांबेपर्यंत बघत बसायचा एक कंटाळवाणा प्रयोग असतो. तो लवकर उरकावा म्हणून पोरं सरांची नजर चुकवून चाकाला बोट लावतात. तिनेही लावलं होतं. बोट लावलेलं चाक मेलं तरी पुन्हा जोर धरत नाही, हे तिला पुस्तकापेक्षा त्या लबाडीमुळे पक्कं ठाऊक होतं. म्हणजे याला कुणीतरी फिरवत होतं.

सगळे खांबाला कपाळ टेकत होते. तिने वाकून कान लावला. आतून दात्यांची करकर ऐकू आली. गिअरला धड तेलसुद्धा घातलं नव्हतं. फसवायचं, तेही इतकं गचाळ, याची तिला जास्तच किळस आली.

ती तडक मंचाच्या कडेला गेली आणि झालर वर केली. खाली मोटर, पट्टा, गिअर आणि पोकळ खांबातून वर गेलेला दांडा. तिने बटण बंद केलं. चाक रेंगाळत थांबलं. सेवक धावले, संगीत बंद झालं.

"अश्रद्ध हात लागला," महाराज कडाडले. "शक्ती निघून गेली."

धाकटीने बटण पुन्हा दाबलं. चाक फिरू लागलं.

"आली परत," ती म्हणाली.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. विभागप्रमुख लगबगीने उठून आले आणि तिला हळू आवाजात समजावू लागले, की हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण लोकांना समाधान मिळतं, शिवाय महाराज कॉलेजला नवी इमारत बांधून देणार आहेत.

अप्पा मागेच उभे होते.

"सर, पोरीला इथे पाठवू का, म्हणून मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात."

सरांनी चष्मा पुसायला घेतला. महाराजांनी निदान अज्ञानी लोकांना फसवून पोट भरलं. या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि तरी तो एका पोरीचं शिक्षण मातीत घालायला मान डोलावून मोकळा झाला होता. दोघांत नीच कोण, हे धाकटीला कुणी सांगायची गरज नव्हती.

"चुकलंच माझं," अप्पा पुटपुटले. "तुझं ऐकायला हवं होतं."

"माझंही नको, अप्पा. महाराजांचं नको, सरांचं नको. कुणीही काही सांगितलं, तरी आधी झालर उचलायची आणि स्वतः बघायचं."

अप्पा गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले. मोटरला हात लावून पाहिला, चटका बसला तसा काढून घेतला. मग झालर तशीच वर धरून ते रांगेकडे वळले आणि म्हणाले, "या, एकेक जण पुढे या. बघून घ्या."