आधी पाणी, मग डिझेल

मी एक जुना रिफॉर्मर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. जहाजाच्या पोटातला मी एक आचारीच. डिझेलमध्ये पाण्याची वाफ मिसळून तापवायचं, त्यातून हायड्रोजन काढायचा आणि शेजारच्या फ्युएल सेलला वाढायचा. तो त्याची वीज करतो, त्या विजेवर जहाजाला पुढे ढकलणारा पाण्याखालचा पंखा फिरतो. पाहुणे सेलशेजारी उभे राहून फोटो काढतात. माझ्या अंगावर ओले हातमोजे वाळत घालतात. कौतुकाचा जमाखर्च हा असा!

नवा होतो तेव्हा चीफसाहेब, म्हणजे जहाजाचे मुख्य इंजिनियर, स्वतः माझ्या पाण्याच्या नळीतली गाळ अडवणारी जाळी धुवायचे. मी कुरकुरत नाही म्हटल्यावर जाळी मागे पडली. तपासणीआधी झाकण मात्र लखलखीत!

एका सकाळी आम्ही बंदराच्या अरुंद तोंडात शिरत होतो. दोन्ही अंगांना खडक. ऐन तिथे जाळी तुंबली, वाफ घटली, मला धाप लागली. दिवे मंदावले. वरून कप्तान फोनवर ओरडले, "वेग का उतरतोय? जहाज वळत नाहीये!"

चीफसाहेबांचा जन्म इंजिनांत गेलेला. इंजिन दमलं की डिझेल वाढवायचं, ही हाताची सवय. हात डिझेलच्या नळावर गेलाच.

"दाजी, हात काढा!" जहाजाचा इलेक्ट्रिशियन, म्हणजे त्यांचा मेहुणा, धावत आला. "वाफ नाहीये. नुसतं डिझेल गेलं तर आत काजळी धरेल. कायमचा जाईल हा!"

"आणि खडकावर गेलो तर? तुझ्या ताईला काय सांगू?"

"मी सांगतो ना! जन्मात एकदा माझं ऐकलंत म्हणून."

नळावरची बोटं पांढरी पडली होती. माझा जीव त्या बोटांत. शेवटी ती सुटली.

मेहुण्याने डिझेल उलट कमी केलं आणि भराभर बटणं पाडली. स्वयंपाकघर बंद, थंड हवा बंद, दिवेही बंद. उरलेली वीज पंख्याला आणि सुकाणूला. चीफसाहेबांनी टॉर्च दातांत धरून जाळी उपसली. गाळच गाळ! तोवर मी नळीतल्या उरल्यासुरल्या पाण्यावर तगलो. मग वाफ आली, तिच्यामागून बेताने डिझेल. जहाज वळलं, खडक अगदी अंगाजवळून मागे गेला.

"ताईला यातलं काही बोलू नकोस," चीफसाहेब घाम पुसत म्हणाले.

"बघू. आधी जाळी धुवायची पाळी कोणाची होती, ते सांगा."

अजूनही दिवे लुकलुकले की त्यांचा हात डिझेलकडे निघतो, अर्ध्यात थांबतो आणि जाळीकडे वळतो. मित्रांनो, न कुरकुरता राबणारं कुणी तुमच्याही घरात असेल. त्याला धाप लागली तर तोंडात घास कोंबू नका. आधी पाणी विचारा.