चिठ्ठी नसलेले कार्ड

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी खालून चिठ्ठी आली. सभागृहात बारा वाजता चर्चा आणि त्यानंतर मतदान होते. चिठ्ठीत एकच प्रश्न होता. खाणीजवळचे छातीच्या रोगांचे रुग्णालय बंद करणार नाही, असे आश्वासन यापूर्वी कोणत्याही सरकारने या सभागृहात दिले होते काय? दिले असल्यास तारीख, खंड आणि पान कळवावे.

आश्वासन दिले होते. तारीख, खंड आणि पान, तिन्ही माझ्याकडे होती. तरीही बाराच्या आत खाली गेलेले उत्तर वेगळे होते.

मित्रांनो, मी एक जुने कार्डांचे कपाट आहे. संसदेच्या संशोधन विभागात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून मी छत्तीस वर्षे उभे होते. सभागृहात कोण काय बोलले, कोणी काय कबूल केले, हे जाड खंडांत छापले जाई. पण खंड नव्वद आणि पाने हजारो. त्यातले नेमके वाक्य कुठे आहे, हे पोस्टकार्डाएवढ्या एकेका कार्डावर लिहून माझ्या पोटात ठेवले जाई. सदस्याने विचारले की कार्ड काढायचे, खंड उघडायचा, उत्तर लिहायचे. संसदेची आठवण म्हणजे मी, असे एक सभापती माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणाले होते. पुढे त्यांनी त्याच हाताने धूळ झटकली, तो भाग वेगळा.

मला एका म्हाताऱ्या सुताराने बनवले. माझे साठ खण. प्रत्येक खणात तळाशी पितळेची लांब सळई. कार्डांना खाली भोक असे, त्यातून सळई ओवली की खण उलटा केला तरी एकही कार्ड पडत नसे. खण पूर्ण ओढला तर तो पायावर पडू नये म्हणून सुताराने प्रत्येक खणाच्या मागच्या बाजूला एक लाकडी अडसर बसवला. तो बोटाने वर दाबला तरच खण बाहेर येई. ही युक्ती सुताराने एकाच माणसाला दाखवली. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

अण्णा माझे पहिले कारकून. माझ्यातली निम्मी कार्डे त्यांच्या हातची आहेत. अक्षर बारीक, सरळ, कुठेही खाडाखोड नाही. त्यांनी विभागाला एक नियम घालून दिला. कार्ड बाहेर काढले की त्याच्या जागी गुलाबी चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीवर नाव आणि वेळ. कार्ड परत आले की चिठ्ठी काढायची. “चिठ्ठी नाही म्हणजे कार्ड घरी आहे,” ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. “चिठ्ठी आहे म्हणजे कार्ड फिरायला गेलंय. तिसरं काही नसतं.”

माझ्या त्या वर्षांत तिसरे काही खरेच नव्हते.

मग एक लांबलेले अधिवेशन आले. दिवसाला साठ-सत्तर प्रश्न वर येऊ लागले. एक कार्ड काढायला सळई ओढायची, पुन्हा ओवायची, यात दोन मिनिटे जात. शेवटच्या आठवड्यात अण्णांनी स्वतःच तिसऱ्या ओळीतल्या खणांच्या सळया काढल्या, कागदात गुंडाळल्या आणि माझ्या डोक्यावर ठेवल्या. “अधिवेशन संपलं की लावू,” ते म्हणाले. अधिवेशन संपले. त्यानंतरचे सुरू झाले. सळया डोक्यावरच राहिल्या. इतका नेटका माणूस, पण सळई नसतानाही खण आठवडाभर नीट चालला आणि मग ते नेहमीचेच झाले.

आता मामांविषयी सांगायला हवे. मामा विभागाचे शिपाई. चिठ्ठी वर आणणे, उत्तर खाली नेणे, खंड काढून देणे हे त्यांचे काम. ज्या दिवशी मंत्र्यांनी ते आश्वासन दिले, त्या दिवशी मामा फायली घेऊन सभागृहाच्या दारात उभे होते. खाणीची धूळ छातीत घेऊन आलेल्या कामगारांसाठी ते रुग्णालय होते आणि मामांचा थोरला भाऊ त्या खाणीत बावीस वर्षे होता. म्हणून मामांनी कान देऊन ऐकले. मंत्री म्हणाले होते, “शेवटचा रुग्ण त्या खाटेवरून उठेपर्यंत हे रुग्णालय बंद होणार नाही.” मामांनी ते घरी जाऊन भावाला सांगितले. अण्णांनी त्याचे कार्ड केले आणि ते एकेचाळिसाव्या खणात ठेवले.

दहा-बारा दिवसांनी दोन्ही हातांत खंड घेतलेल्या मामांनी तो उघडा राहिलेला खण गुडघ्याने ढकलून बंद केला. घाई होती. सळई नव्हती. सर्वात मागचे कार्ड उडाले, खणाच्या मागच्या फळीवरून पलीकडे गेले आणि माझ्या पाठीच्या फळीला टेकून उभे राहिले. ते तेच कार्ड होते.

मामांना हे ठाऊक नाही. मला बोलता आले असते तरी हे त्यांना सांगितले असते की नाही, मला सांगता येत नाही.

नंतरची वर्षे लवकर सांगून होतात. अण्णा निवृत्त झाले. संगणक आले. माझी कार्डे एकेक करून संगणकात भरायचे ठरले. दोन मुली बसून भरत. अडतिसावा खण झाला आणि त्यांची बदली झाली. मग खंड स्कॅन करायला कुठल्याशा कंपनीकडे पाठवले. ते वर्षभर झाले तरी परत आले नव्हते. पानांची चित्रे आली होती, पण त्यांना क्रम नव्हता, शोधायची सोय नव्हती. म्हणजे अडतीसच्या पुढचे काही शोधायचे तर संपूर्ण इमारतीत माझ्याशिवाय दुसरे कोणी नव्हते. असे असूनही माझ्यावर झेरॉक्सचे कागद आणि कुणाची तरी छत्री ठेवलेली असे.

विभागात आता संशोधन अधिकारी म्हणून एक बाई होत्या. अण्णांच्या हाताखाली शिकलेल्या. कोणी काहीही सांगितले की त्या विचारत, “पान कितवं?” म्हणून सगळे त्यांना पानबाई म्हणत. कुणीतरी आपल्याला मुलगी झाल्याचे त्यांना सांगायला पेढ्यांचा डबा घेऊन आले, तेव्हाही मागून कोणीतरी ओरडले होते, “सांगा, पान कितवं?” त्या स्वतःही हसल्या होत्या.

त्या सकाळी चिठ्ठी मामांनीच वर आणली. पानबाईंनी वाचली आणि त्या थेट माझ्याकडे आल्या. एकेचाळिसावा खण उघडला. ‘रुग्णालये’ची सगळी कार्डे दोनदा चाळली. ते कार्ड नव्हते. गुलाबी चिठ्ठीही नव्हती.

“बाई, मी तिथंच उभा होतो,” मामा म्हणाले. “दारात. माझ्या या कानांनी ऐकलंय. शेवटचा रुग्ण उठेपर्यंत, असं म्हणाले होते.”

“कोणत्या वर्षी, मामा?”

“लिफ्ट बंद होती त्या वर्षी.”

“लिफ्ट सलग तीन वर्षं बंद होती.”

“मग त्यातलंच एखादं.”

पानबाईंनी डोळे मिटले. “मामा, तुमचं ऐकलेलं मी कागदावर कसं लिहू?”

मामांचा भाऊ तेव्हा त्या रुग्णालयात तीन नंबरच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होता. दर रविवारी मामा त्याला धुतलेले कपडे नेऊन देत. पानबाईंना हे माहीत होते. विभागात सगळ्यांनाच माहीत होते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पानबाईंनी अण्णांना फोन लावला. अण्णा आता ऐंशीच्या पुढे गेले होते आणि त्यांना ऐकू कमी येई. त्यामुळे दोघांचेही बोलणे साऱ्या खोलीला ऐकू आले.

“कार्ड आहे,” अण्णा म्हणाले. “मी स्वतः लिहिलंय.”

“पान आठवतंय का अण्णा?”

“अगं, पान आठवत असतं तर कार्ड कशाला लिहिलं असतं?”

“ते जागेवर नाहीये.”

“चिठ्ठी आहे?”

“चिठ्ठी नाही.”

“मग कार्ड घरीच आहे. बाहेर गेलेलं नाही.”

“अण्णा, मी दोनदा बघितलं. नाहीये.”

“चिठ्ठी नाही म्हणजे घरी आहे. तिसरं काही नसतं,” अण्णांनी पुन्हा सांगितले. पानबाईंनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. ‘म्हातारपणी माणूस एकच गोष्ट धरून बसतो,’ असे त्या कुणालाही उद्देशून न बोलता पुटपुटल्या.

मित्रांनो, अण्णांचे बरोबर होते. कार्ड घरीच होते. पानबाईंच्या बोटांपासून चार बोटे पलीकडे.

त्यांनी खण पूर्ण ओढून पाहिला. अडसराला लागून तो थांबला. अडसर असतो हे त्यांना माहीत नव्हते, जुने लाकूड फुगले आहे असे त्यांना वाटले. अण्णांना त्यांनी विचारले असते तर अण्णांनी सांगितले असते. पण जे आपल्याला माहीत नाही ते विचारायचे कसे?

साडेअकराला विभागप्रमुख आले. पानबाईंनी उत्तराचा मसुदा पुढे केला. त्यात लिहिले होते की संबंधित कार्ड गहाळ आहे आणि असे आश्वासन दिले गेले असण्याची शक्यता आहे.

“‘शक्यता’ हा शब्द या विभागातून आजवर खाली गेलेला नाही,” साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते. “उद्या कोणीही म्हणेल, शक्यता आहे. मग आपण कशाला?”

“पण साहेब, मामांनी ऐकलंय. अण्णांनी कार्ड लिहिलंय.”

“पान आहे?”

हा प्रश्न पानबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता.

“मग आढळले नाही, एवढंच लिहा. खोटं नाही ना त्यात?”

खोटे नव्हते. पानबाईंनी लिहिले, ‘उपलब्ध नोंदींत असे आश्वासन आढळले नाही.’ खाली सही केली. बाराला पाच कमी असताना तो कागद खाली न्यायचा होता आणि खाली नेणारे मामाच होते. त्यांनी कागद घेतला, वाचला, घडी न घालता दोन्ही हातांत धरला आणि जिना उतरले. लिफ्ट त्या दिवशी चालू होती.

आमच्या विभागाच्या भिंतीवर एक स्पीकर होता, त्यातून सभागृह ऐकू येई. बारा वाजून वीस मिनिटांनी आताच्या मंत्र्यांचा आवाज आला. “संसदेचा संशोधन विभागच सांगतो आहे की असे आश्वासन कधी दिलेच गेले नव्हते.” पानबाई खुर्चीतून उठल्या. “असं नाही लिहिलं मी,” त्या स्पीकरला म्हणाल्या. एक वाजून पाच मिनिटांनी प्रस्ताव मंजूर झाला.

रुग्णालय पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला बंद झाले. उरलेल्या एकतीस रुग्णांना बसने साडेचार तासांवरच्या मोठ्या इस्पितळात हलवले. मामांच्या भावाला तिथे जिन्याखालची खाट मिळाली. खिडकी नाही, असे मामांनी एकदा सांगितले. त्यानंतर ते त्याविषयी बोलले नाहीत. पानबाईंनीही विचारले नाही. बारा वाजून वीस मिनिटांनी खुर्चीतून उठलेल्या त्या बाई आणि कागद दोन्ही हातांत धरून गेलेले मामा पुढे एकाच खोलीत काम करत राहिले, पण “मामा, चहा घेतलात का?” हे विचारणे बंद झाले.

मग मलाही हलवले. तळघरात, मोडक्या खुर्च्यांशेजारी. भंगाराच्या यादीत माझा क्रमांक सात आहे. सळया अजून कागदात गुंडाळलेल्या माझ्या डोक्यावरच आहेत.

मित्रांनो, तुम्ही कपाट नाही, आणि तुमच्याकडे कोणी कार्डे ठेवायला येणार नाही. तरी सांगते. तुमच्याकडे दुसऱ्याचे काही जपायला दिले असेल, आणि घाईच्या आठवड्यात तुम्ही त्याची सळई काढून ठेवली असेल, तर घाई संपल्यावर ती परत लावा. त्याच दिवशी लावा. सळई नसताना काही बिघडत नाही, म्हणूनच तिची आठवण होत नाही. बिघडते ते मागच्या बाजूला बिघडते, जिकडे कोणी पाहत नाही. मला एवढेच कळले आहे आणि ते कळायला छत्तीस वर्षे लागली. त्याचा मामांना उपयोग नाही.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता पानबाई तळघरात आल्या. हातात विजेरी होती. त्यांनी एकेचाळिसावा खण ओढला, तो थांबला. पुन्हा ओढला. मग खाली बसल्या.

“चिठ्ठी नाही म्हणजे घरी,” त्या हळू म्हणाल्या. “म्हणजे आहेस तू इथंच कुठेतरी.”

त्यांनी माझ्या पाठीकडे जायचा प्रयत्न केला, पण मी भिंतीला लावलेले आहे आणि पुढे खुर्च्या रचल्या आहेत. त्या भांडारपालाकडे गेल्या. तो दारापाशीच टेबल टाकून बसतो, म्हणून मला ऐकू आले.

“सात नंबर सोमवारी भंगारात देऊ नका. मला ते उघडून बघायचंय.”

“अर्ज द्या बाई. साहेबांची सही, माझी सही, मग बघू.”

“आश्वासन सापडलं तर सभागृहाच्या आश्वासन समितीकडे जाता येतं, ती सरकारला जाब विचारते. अजूनही जाता येतं.”

“मी कुठं नाही म्हणतोय? पण आज शुक्रवार. साहेब गेले. सोमवारी बघू.”

“ट्रक सोमवारी नऊला येतोय.”

“हो, ते आहे,” भांडारपाल म्हणाला. त्याने अर्ज घेतला आणि पेपरवेटखाली ठेवला. मग काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाला, “तुमच्या मामांचा रजेचा अर्ज पुन्हा आलाय म्हणे. आणखी पंधरा दिवस. कारणाची जागा कोरीच सोडलीय.”

पानबाईंनी विजेरी बंद केली आणि त्या जिना चढल्या.

आज सोमवार आहे. नऊ वाजून वीस मिनिटे झाली आहेत. भांडारपाल अजून आलेला नाही. अर्ज पेपरवेटखाली आहे, त्यावर एकच सही आहे. बाहेर ट्रक उभा आहे आणि दोन माणसे मोडक्या खुर्च्या उचलत आहेत. माझ्यापुढच्या तीन राहिल्या आहेत.